रिकामा सराव

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी त्याने चाप ओढला आणि काहीही झाले नाही. बँकेच्या दारातून आत आलेल्या एका बुटक्या माणसाने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला होता, पितळेची चकाकती नळी बाहेर काढली होती, आणि दाराशी उभ्या असलेल्या या शस्त्रधारी रक्षकाने 'थांबा' म्हणण्याच्याही आधी कमरेचे रिव्हॉल्व्हर उपसून, दोन्ही हातांत धरून, त्या माणसाच्या कोटाच्या मधल्या बटणावर रोखून चाप शेवटपर्यंत मागे नेला होता. टक्. नेमक्या त्याच क्षणी खिडकीमागच्या कारकुनाने कुठल्याशा अर्जावर शिक्का आपटला आणि तो टक् त्या शिक्क्याखाली गाडला गेला. बुटक्याने दोन्ही हात वर केले. एका हातात नळाची तोटी होती. तो प्लंबर होता. पासबुक तोटीच्या खाली अडकले होते म्हणून त्याने आधी तोटी बाहेर काढली होती. एवढी साधी गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात येईपर्यंत कोणी श्वास घेतला नाही, आणि आल्यावर सगळे एकदम हसले, परीक्षा पुढे ढकलल्याचे कळलेल्या वर्गासारखे. शाखाधिकारी बाई केबिनच्या काचेमागून बाहेर आल्या. वयाने त्या त्याच्या मुलीएवढ्या. त्याला काका म्हणायच्या. "काका, दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत हो तुम्हाला," त्या म्हणाल्या. प्लंबरही हसला. हसताना त्याचे हात मात्र वरच होते. आता खाली घ्या, असे त्याला कोणाला तरी सांगावे लागले.

त्याने शस्त्र उपसले एवढेच सगळ्यांनी पाहिले होते. चाप ओढला गेला, हे फक्त त्याच्या बोटाला ठाऊक होते. सहकारी त्याला वाचस्पती म्हणत, कारण चहाच्या सुट्टीत तो जाड जाड पुस्तके वाचायचा आणि दिवसभरात मोजून दहा वाक्ये बोलायचा. टोपणनाव ठेवणाऱ्याला त्या शब्दाचा अर्थ माहीत असण्याची शक्यता कमी, पण अज्ञानातूनही कधीकधी अचूक उपरोध निपजतो. वाचस्पतीने शस्त्र म्यानात ठेवले. तो स्वच्छतागृहात गेला, कडी लावली, रिव्हॉल्व्हरची सहा घरांची फिरकी बाहेर पाडली आणि पाहिले. सहाही काडतुसांच्या बुडांवर तांबड्या रंगाचे कडे होते. ही खोटी काडतुसे. दारू नसलेली, घरी सराव करताना वापरायची. काल संध्याकाळपासून ती तिथेच होती. सकाळी निघताना त्याने नियमाप्रमाणे फिरकी उघडून पाहिली होती, सहा गोल मोजले होते आणि समाधानाने मिटली होती. संख्या बरोबर होती. माणसाचा डोळा मोजायला शिकला की पाहायचे विसरतो, आणि या विसरण्यालाच बहुतेक कार्यालयांत दक्षता म्हणतात. तो कमोडचे झाकण पाडून त्यावर बसला. खरी काडतुसे असती तर या क्षणी बाहेरच्या फरशीवर एक प्लंबर पडलेला असता, हातात तोटी, आणि कोणी हसले नसते. एका चुकीने एका माणसाला मारायला घेतले होते आणि दुसऱ्या चुकीने त्याला वाचवले होते. ज्या तिसऱ्या गोष्टीसाठी त्याला पगार मिळत होता, त्या सावधपणाचा या साऱ्या व्यवहारात कुठेच संबंध आला नव्हता.

उरलेले चार तास तो दाराशी उभा राहिला. येणारे-जाणारे त्याच्याकडे नव्या आदराने पाहत होते. मधल्या एका मोकळ्या वेळेत बाई येऊन सांगून गेल्या की त्यांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिले आहे, प्रसंगावधान असा शब्द वापरला आहे, आणि अशा प्रत्यक्ष पुराव्यानंतर तीन आठवड्यांनी येणाऱ्या वार्षिक चाचणीतून त्याला सूट मिळायला काहीच हरकत नसावी. त्या चाचणीची त्याला वर्षभर धास्ती होती. मागच्या वर्षी तो दोन गुणांनी वाचला होता. हात मंदावले होते, आणि चाचणीत जो नापास होतो त्याचे शस्त्र जाते आणि त्याला गाड्या लावायच्या आवारातल्या फाटकावर बसवतात, पावत्या फाडायला. निवृत्तीला चार वर्षे उरली होती. म्हणजे आता तोंड मिटून राहिले की चार वर्षे निर्धास्त, आणि तोंड उघडले की फाटक. इतका स्वच्छ हिशेब आयुष्यात माणसाच्या वाट्याला क्वचित येतो. बाई गेल्यावर त्याने उजव्या हाताची तर्जनी डाव्या मुठीत धरली आणि बँक बंद होईपर्यंत, जमेल तेव्हा, तशीच धरून ठेवली. दुसऱ्याच्या खोडकर मुलाला सांभाळायला घ्यावे, तशी.

या बोटाला हे शिकवले कोणी? त्यानेच. अकरा वर्षांपूर्वी परवाना घेतला तेव्हा प्रशिक्षण देणारा म्हातारा, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, त्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते की गोळ्या महाग असतात, हात घरी तयार होतो. रिकामा सराव, असे त्याचे नाव. त्यासाठी चार पानांची एक पुस्तिका होती आणि तिच्यातला शब्दन् शब्द योग्य होता. पुढे वाचलेल्या अनेक थोर ग्रंथांबद्दल त्याला असे म्हणता आले नसते. शस्त्र रिकामे करा. खरी काडतुसे मोजा, डब्यात घाला आणि डबा दुसऱ्या खोलीत पाठवा. फिरकीचे प्रत्येक घर डोळ्यांनी पाहा, मग करंगळीने चाचपा, आणि त्यानंतरच खोटी काडतुसे भरा. पलीकडे कोणी राहत नाही अशा भिंतीकडेच रोखा. सराव सुरू, असे मोठ्याने म्हणा. सराव संपला, असेही मोठ्याने म्हणा. आणि एकदा संपला म्हटल्यावर, फक्त आणखी एकदाच, असे कधीही करू नका, कारण सगळे अपघात त्या आणखी एकदामध्ये राहतात. करंगळीच्या नियमाशी तो नेहमी थबकत असे. जमिनीवर घडा नाही हे माणसाला कळते कसे, यावर जुन्या तार्किकांनी पिढ्यान्पिढ्या डोके घासले: दिसते ती नुसती जमीन, मग 'नसणे' दिसते कुठे? उस्तादाने न्यायदर्शनाचा एकही ग्रंथ उघडला नव्हता, आणि त्याने तो वाद करंगळीने मिटवला होता. नसणे बोटाला लागते. थंड असते.

मागची खोली सरावाची. तिची आतली भिंत जिन्याच्या भरीव खांबाला लागून होती आणि भिंतीपुढे पुस्तकांनी गच्च भरलेल्या दोन लोखंडी पेट्या एकावर एक ठेवलेल्या. चुकून काही घडलेच तर गोळी आधी कोशाच्या आठ खंडांत शिरली असती. आपल्या भाषेतल्या कोशाला याहून ठोस उपयोग कोणी दिला असेल असे त्याला वाटत नसे. बायको डबा घेऊन स्वयंपाकघरात बसायची. जुना बिस्किटांचा डबा, आत कापसाच्या गादीवर सहा काडतुसे. इस्पितळाच्या चादरी-कपड्यांच्या कोठीत तीस वर्षे काढून ती निवृत्त झाली होती, त्यामुळे एखादी वस्तू ताब्यात घेणे म्हणजे काय हे तिला नेमके कळत असे. दार लावून, डबा मांडीवर ठेवून ती शब्दकोडे सोडवत बसायची आणि आतून 'संपला' ऐकू येईपर्यंत उठायची नाही. अर्धा तास तरी घरात कोणी चहा मागत नाही, असे ती मुलीला फोनवर सांगायची. भिंतीवर त्याने एक कागद चिकटवला होता, त्यावर एक काळा ठिपका. उपसा, रोखा, ओढा. टक्. उपसा, रोखा, ओढा. टक्. चाचणी जवळ आली तशी त्याने संख्या दहावरून तीसवर नेली होती. आज दाराशी उभा असताना त्याला पहिल्यांदा दिसले की अकरा वर्षांत त्याने एकदाही, अगदी एकदाही, शस्त्र उपसून चाप न ओढता परत ठेवलेले नव्हते. पुस्तिकेत तसे सांगितलेच नव्हते. उपसणे आणि ओढणे हे शिकणाऱ्याच्या सोयीसाठी तोडून दाखवलेले एकच क्रियापद होते, आणि हाताने ते जोडून घेतले होते. मधली जागा, जिथे माणूस पाहतो, ओळखतो, ही तोटी आहे असे स्वतःला सांगतो, ती जागा त्याने तीस तीस वेळा घासून गुळगुळीत केली होती. घर सुरक्षित राहावे म्हणून एवढी काळजी घेतली, पेट्या रचल्या, डबा वेगळा ठेवला, आणि त्या निर्धोक खोलीत बसून, घाईगडबड न करता, एक खुनी हात घडवला.

काल काय झाले तेही त्याला आता लख्ख आठवत होते. 'सराव संपला' म्हणून झाले, आणि खरी काडतुसे परत भरायच्या आत मुलीचा फोन आला. जावयाची बदली झाली होती, की होणार होती, की व्हावी असे त्याच्या साहेबांना वाटत होते. वीस मिनिटे बायको आणि तो आळीपाळीने फोनवर बोलले. मग जेवणे झाली. रिव्हॉल्व्हर आपले आपण चामड्याच्या म्यानात जाऊन बसल्यासारखे बसले. दहा वर्षांपूर्वी आपण असे विसरलो असतो का, असा प्रश्न त्याला पडला आणि त्याचे उत्तर शोधण्याचा कंटाळा आला. हा कंटाळा हल्ली गुडघ्यांतून सुरू होई.

घरी पोचला तेव्हा बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती आणि डबा तिच्यासमोर होता. झाकण उघडलेले. त्याने पट्टा सोडला, शस्त्र टेबलावर ठेवले नाही, खुर्चीच्या पाठीला अडकवले. ती म्हणाली की सकाळी फळी पुसताना डबा उचलला तर तो जड लागला. सव्वानऊ वाजले होते. तो बँकेत पोचलेला असणार. तिने फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

"मग सांगितलं का नाहीस?" त्याने विचारले. आवाजात राग आणायचा त्याने प्रयत्न केला, पण राग दिवसभरात कुठेतरी खर्ची पडला होता.

"म्हटलं, एक दिवस रिकामे उभे राहिलात तर काय बिघडणारे. कोणाला दिसतंय?"

"आणि काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर तुम्ही पळाला असतात. भरलेलं असतं तर पळाला नसतात." ती हे भाजी महागल्याचे सांगावे तसे म्हणाली. अकरा वर्षे डबा मांडीवर घेऊन तिने काय विचार केला, हे त्याने तिला कधी विचारले नव्हते. कोड्यातले शब्दच काय ते अधूनमधून दाराआडून विचारले जात आणि तो आतून उत्तरे द्यायचा. आता त्याला वाटले की ती या दिवसाची वाटच पाहत असावी, या अमुक दिवसाची नव्हे, पण अशा एखाद्या दिवसाची, जेव्हा तिच्या ताब्यातली वस्तू तिच्याच ताब्यात राहील.

"मी चाप ओढला," तो म्हणाला.

"कोणावर?"

"एक प्लंबर होता. खिशातून तोटी काढत होता."

"लागलं नाही ना त्याला?" तिने विचारले, आणि विचारता विचारताच तिची नजर समोरच्या डब्यात गेली. सहा होती. तरी तिने ती एकेक करून बोटाने मोजली, आणि मग झाकण लावले आणि डबा उचलून आपल्या कपाटात ठेवला, साड्यांच्या मागे. परत देत नाही असे ती म्हणाली नाही. त्याने मागितलीही नाहीत. जेवताना तिने एवढेच विचारले की त्या माणसाला घरी बायकामुले असतील का, आणि तो म्हणाला, असतील, असतातच.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा घेतली. बँकेच्या दारातल्या नोंदवहीत येणाऱ्याचे नाव-पत्ता लिहून घ्यायचे काम त्याचेच होते, त्यामुळे दुकान शोधावे लागले नाही. गल्लीच्या तोंडाशी अरुंद गाळा, भिंतीला टांगलेल्या फळ्यांवर तोट्या, कोपरे, वायसरांच्या माळा, आणि सगळ्यावर ओल्या लोखंडाचा वास. तो गणवेशात नव्हता, कमरेला काही नव्हते, तरी प्लंबरने त्याला तत्क्षणी ओळखले. स्टुलावरून उठून त्याने दोन्ही हात समोरच्या फळीवर उताणे ठेवले, रिकामे, बोटे पसरून. आपण काय करतो आहोत हे त्याचे त्यालाही कळले नसावे. गिऱ्हाईक नाही हे पाहून वाचस्पतीने मनात तयार करून आणलेली वाक्ये बोलायला सुरुवात केली: काल जे झाले ते सगळ्यांना वाटते तसे नव्हते. मी नुसते रोखले नव्हते.

"ऐकलं मी," प्लंबर म्हणाला. "आवाज ऐकला ना. तीस वर्षं लोखंडात आहे साहेब, कुठला आवाज कशाचा ते कळतं."

तो हसत असताना, हात वर असताना, सगळे हसत असताना, त्याला माहीत होते. वाचस्पतीला फळीचा आधार घ्यावासा वाटला, पण फळीवर ते दोन हात होते. मग बोललात का नाही, असे त्याने विचारले.

"काय बोलणार? तुमच्या तीन शाखांचे नळ माझ्याकडे आहेत." प्लंबरने फळीवरची धूळ अंगठ्याने पुसली. "आणि चुकलं माझंच. बँकेत शिरताना असं एकदम खिशात हात घालायला नको होता. बायको पण तेच म्हणाली."

ही माफी होती. ज्याच्या छातीवर चाप ओढला गेला तो माणूस ओढणाऱ्याची माफी मागत होता, ती सुद्धा मनापासून, कारण रात्रभर विचार करून तो या निष्कर्षाला आला होता. वाचस्पतीच्या आत काहीतरी गोठत गेले. संताप म्हणावा तर त्याला ऊब नव्हती. ज्या जगात मेलेला माणूस मारणाऱ्याला म्हणतो की वाटेत उभे राहायला नको होते, त्या जगाच्या दाराशी आपण अकरा वर्षे राखण करत होतो. आणि वरच्या कार्यालयात या घडीला एक पत्र पोचत होते, त्यात प्रसंगावधान असा शब्द होता. तो म्हणाला की तुमचे काही चुकले नाही. मी शस्त्र परत करतो आहे, आणि का ते लिहून देणार आहे.

प्लंबरने पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे पाहिले. "तुमचं तुम्ही काय ते करा. माझं नाव नका घालू. मी काही बघितलं नाही." मग, वाचस्पती पायरी उतरत असताना, त्याने हळूच विचारले, "साहेब, आता भरलेलं असतं का ते?"

नाही, असे वाचस्पतीने सांगितले. प्लंबरने मान हलवली, पण हात फळीवरून काढले नाहीत.

परवाना कार्यालय दहाला उघडायचे. तिसऱ्या दिवशी तो रांगेत पाचवा होता, पिशवीत रिकामे शस्त्र, परवाना, आणि बायकोने कपाटातून स्वतः काढून दिलेली काडतुसे, वेगळ्या पुडीत. ती येते म्हणाली होती. तो नको म्हणाला होता. खिडकीतल्या कारकुनाने शस्त्र उलटसुलट पाहिले, क्रमांक जुळवला आणि एक छापील अर्ज पुढे सरकवला. शस्त्र परत करण्याचे कारण, असा एक रकाना होता आणि त्यात चार पर्याय: वय, आजार, परवानाधारकाचा मृत्यू, इतर. मेलेल्या परवानाधारकाने हा अर्ज कसा भरावा याचा खुलासा नव्हता. त्याने 'इतर'पुढे लिहिले: बँकेत कामावर असताना निःशस्त्र माणसावर रोखून चाप ओढला.

कारकुनाने वाचले आणि चष्मा वर केला. "कोणाला लागलं?"

"नाही."

"तक्रार आली आहे?"

"नाही."

"साक्षीदार?"

"नाही."

"मग झालं काय?"

काही झाले नाही, हे खरेच होते. त्याने ते सांगितले, बाईंच्या पत्राचेही सांगितले. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने समजुतीच्या सुरात सांगितले की जे झालेच नाही ते कारण म्हणून लिहिता येत नाही. वर गेले की चौकशी लागेल, बँकेला विचारतील, बँक म्हणेल आमच्याकडे तर प्रशंसेचे पत्र आहे, मग तो कागद फिरत राहील आणि शेवटी परत याच टेबलावर येईल. "सगळे वयच लिहितात, काका," तो म्हणाला, आणि वाचस्पतीच्या ओळीवर आडवी रेघ मारून, आपल्या सुवाच्य अक्षरात 'वय' लिहून, सहीची जागा बोटाने दाखवली.

रेघ पातळ होती. तिच्याखालचे वाक्य अजून वाचता येत होते. वाचस्पतीने सही केली नाही. त्याने दुसरा अर्ज मागितला. कारकुनाने खांदे उडवले आणि दिला. त्याने नाव, पत्ता, क्रमांक पुन्हा भरले आणि 'इतर'पुढे तेच वाक्य पुन्हा लिहिले. कारकुनाने ते वाचलेही नाही, नुसती रेघ मारली. मागे रांग वाढली होती. कोणीतरी म्हणाले, म्हाताऱ्याला लिहिता येत नाही का, कोणीतरी हसले, त्याच्या लगतच्या माणसाने घड्याळ पाहिले आणि मोठा उसासा टाकला. वाचस्पतीचे गुडघे दुखत होते. सही करून घरी जावे, जेवावे, झोपावे, आणि परवापासून फाटकावर पावत्या फाडाव्यात असे त्याला मनापासून वाटत होते. सगळे तसेही तेच होणार होते, फक्त एका वाक्याचा फरक. त्याने मागच्या माणसाकडे वळून नम्रपणे सांगितले की वेळ लागेल, पलीकडची खिडकी उघडी आहे, आणि पुढे हात करून तिसरा अर्ज मागितला.